काठावरचे मूल आणि शाळेचा उंबरठा



दिवाळीचे आकाशकंदील उतरतात न उतरतात तोच मुंबईच्या उपनगरांत एका वेगळ्या धावपळीला आरंभ होतो. बोरिवली असो वा अंधेरी, घाटकोपर असो वा मुलुंड, सोसायटीच्या बाकावर, लोकलच्या डब्यात, डॉक्टरांच्या प्रतीक्षाकक्षात एकच प्रश्न ऐकू येतो, ‘अर्ज भरला का?’ ज्या मुलाच्या प्रवेशाविषयी ही चर्चा चालते, ते मूल तेव्हा आजीच्या मांडीवर बसून वरणभात खात असते. अनेकदा त्याला अजून आपले पूर्ण नावही नीट सांगता येत नसते.

या धावपळीत सर्वांत अधिक घालमेल होते ती वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत जन्मलेल्या मुलांच्या घरी. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर! शासनाच्या नियमाप्रमाणे मूल पात्र ठरते, पण काठावर. घरात दोन तट पडतात. वडील म्हणतात, नियमात बसते आहे, तर वर्ष कशाला वाया घालवायचे? आई म्हणते, अजून लहान आहे हो! आजोबा सांगतात, आम्ही सातव्या वर्षी शाळेत गेलो, आमचे काय अडले? शेजारीण सांगते, यंदा सोडलेत तर पुढच्या वर्षी त्या शाळेत प्रवेश मिळेलच असे नाही. या चौघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच हा निर्णय अवघड आहे. तो भीतीने नव्हे, विचाराने घेता यावा, एवढ्यासाठी आजचा हा विषय.

सहा दिवसांचे अंतर आणि एक इयत्ता

प्रथम नियम समजून घेऊ. महाराष्ट्र शासनाने जानेवारी 2015 मध्ये शाळाप्रवेशाचे किमान वय ठरविले. पूर्वप्राथमिकच्या पहिल्या वर्गासाठी 3 वर्षे पूर्ण आणि इयत्ता पहिलीसाठी 6 वर्षे पूर्ण. हे वय कोणत्या दिवशी पूर्ण असावे, ती तारीख मात्र पुढे बदलत गेली आणि सप्टेंबर 2020 च्या निर्णयाने ती 31 डिसेंबर झाली. राज्य मंडळाच्या शाळा जूनमध्ये सुरू होतात. याचा अर्थ, 31 डिसेंबरला सहा वर्षांचे होणारे मूल पहिलीच्या वर्गात जाऊन बसते तेव्हा त्याचे वय साडेपाच वर्षांचे असते आणि शिशुवर्गात जाते तेव्हा अवघे अडीच वर्षांचे. नियमातील ‘तीन’ आणि प्रत्यक्षातील ‘अडीच’ यांतील हे अंतर अनेक पालकांच्या ध्यानातच येत नाही.

आता एक उदाहरण कल्पून पाहू. मुलुंडमधील एकाच इमारतीत एकाच मजल्यावर दोन कुटुंबे राहतात. एका घरातील मुलगा 28 डिसेंबर 2019 चा, समोरच्या घरातील मुलगी 3 जानेवारी 2020 ची. दोघांत अंतर सहा दिवसांचे. दोघांचे बारसे जवळजवळ एकदमच झाले, दोघे एकाच महिन्यात चालू लागले. राज्याच्या नियमाने मुलगा जून 2025 मध्ये पहिलीत जाण्यास पात्र ठरला. मुलीला जून 2026 पर्यंत थांबावे लागले. सहा दिवसांनी एका इयत्तेचे अंतर पाडले.

हीच दोन मुले पवईच्या आयआयटीच्या आवारातील केंद्रीय विद्यालयात जाणार असती तर? केंद्रीय विद्यालयांनी 2022-23 पासून पहिलीसाठी 31 मार्चला 6 वर्षे पूर्ण असण्याची अट घातली. त्या हिशेबाने दोघांनाही 2026 मध्येच पहिलीत प्रवेश मिळतो आणि दोघे एकाच बाकावर बसतात. म्हणजे एकाच शहरात, काही किलोमीटरच्या अंतरावर, तेच मूल एका शाळेच्या दृष्टीने तयार असते आणि दुसऱ्या शाळेच्या दृष्टीने तयार नसते! मूल मात्र तेच. तेव्हा कटऑफची तारीख ही प्रशासनाची सोय आहे, मुलाच्या वाढीचा निकाल नव्हे, हे पहिले सूत्र मनाशी पक्के करावे.

दुसरी गोष्ट, नियमातच थोडी मोकळीकही आहे. शिक्षण हक्क कायद्याखालील 25 टक्के जागांसाठी राज्याने 2025-26 या वर्षाकरिता जी वयोमर्यादा दिली, तीत पहिलीसाठी 1 जुलै 2018 ते 31 डिसेंबर 2019 या काळात जन्मलेली मुले पात्र होती. हा पट्टा बारा नव्हे, अठरा महिन्यांचा आहे. अर्थात जुलै ते डिसेंबर या महिन्यांत जन्मलेल्या मुलाला एक वर्ष थांबण्याचा मार्ग तिथे खुला राहतो. उशिरा घातले म्हणजे नियमाबाहेर गेले, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. मात्र कमाल वयाचीही मर्यादा असते आणि प्रत्येक शाळेची पद्धत निराळी असते, म्हणून थांबण्याचे ठरविण्यापूर्वी आपल्या शाळेत चौकशी करून घ्यावी.

सहावे वर्ष कोठून आले?

सहा वर्षे हे वय काही कालपरवा कोणाच्या डोक्यातून निघालेले नाही. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1911 साली मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा मुलग्यांसाठी 6 ते 10 हाच वयोगट त्यांनी घेतला होता. परक्या सरकारने ते विधेयक फेटाळले. स्वतंत्र भारतात 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने आणि 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 या वयातील शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 3 ते 8 ही वर्षे ‘पायाभूत स्तर’ म्हणून एकत्र बांधली आणि पहिलीचे वय सहाच राखले. गोखल्यांच्या विधेयकापासून आजच्या धोरणापर्यंत एक शतकाहून अधिक काळ लोटला, पण सहाचा आकडा टिकला. त्यामागे अनुभव आहे.

आपल्या परंपरेतही शिक्षणारंभाच्या पायऱ्या होत्या. पाचव्या वर्षाच्या सुमारास विद्यारंभ, आणि उपनयन आठव्या वर्षी, तेही गर्भधारणेपासून मोजून. म्हणूनच त्याला ‘गर्भाष्टम’ म्हणत. त्या व्यवस्थेची दारे समाजातील सर्वांना खुली नव्हती, हे मोकळेपणाने मान्य केलेच पाहिजे. परंतु त्यातील दोन गोष्टी आजही विचारात घेण्याजोग्या आहेत. एक म्हणजे त्यात वयाला एकच धारदार तारीख नव्हती, पुढे-मागे होण्यास वाव होता. दुसरी म्हणजे वय गर्भापासून मोजण्याची दृष्टी. आज अनेक मुले मुदतीपूर्वी जन्मतात. फेब्रुवारीत अपेक्षित असलेले बाळ डिसेंबरात जन्मले तर जन्मदाखल्यावर ते दोन महिन्यांनी मोठे दिसते आणि कटऑफच्या अलीकडे येऊन एक इयत्ता पुढे ढकलले जाते. बालरोगतज्ज्ञ सुरुवातीच्या काळात अशा मुलांची वाढ मूळ अपेक्षित तारखेपासून मोजतात. शाळेच्या अर्जात तो रकाना नसतो. पण आईवडिलांच्या मनात तो असलाच पाहिजे.

एक जूनची पिढी

महाराष्ट्रातील जुन्या पिढीच्या कागदपत्रांवर नजर टाकली तर एक मौज दिसते. असंख्य लोकांची जन्मतारीख 1 जून! खेड्यातील वडील मुलाला शाळेत घेऊन जात. मास्तर मुलाला डोक्यावरून हात नेऊन दुसऱ्या बाजूचा कान धरायला सांगत. हात पोहोचला की मूल शाळेच्या वयाचे झाले. जन्माची नोंद नसेल तर मास्तर शाळा सुरू होण्याच्या महिन्याचा पहिला दिवस लिहून मोकळे होत. आज ही गोष्ट हसत हसत सांगितली जाते. त्या चुकीच्या तारखांमुळे पुढे नोकरी आणि निवृत्तिवेतनाचे घोळ झाले, हेही खरे. पण त्या कान धरण्याच्या परीक्षेत एक शहाणपण दडले होते. मास्तर कागद पाहत नव्हते, मूल पाहत होते.

आज परिस्थिती उलटी झाली आहे. कागद अचूक आहे, पण मुलाकडे पाहायला कोणाला सवड नाही. महापालिकेचा जन्मदाखला हाच प्रवेशाचा मुख्य आधार आहे आणि 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत कायद्याने त्याचे महत्त्व आणखी वाढविले आहे. ते योग्यच आहे. एखादे मूल पुढे दामटण्यासाठी तारीख इकडेतिकडे करण्याचा मोह पूर्वी अनेकांना होत असे. मुलाच्या आयुष्यातील पहिल्याच अर्जावर असत्य लिहून त्याला सत्याचा संस्कार कसा देणार? कागद खरा असावा, आणि त्यानंतर नजर मुलावर असावी.

जगाचा अनुभव काय सांगतो?

काठावरच्या मुलांचा प्रश्न केवळ मुंबईचा नाही. अमेरिकेत 2018 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात चार लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे कटऑफ 1 सप्टेंबर होती, तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गातील सर्वांत लहान मुलांवर अतिचंचलतेच्या विकाराचा शिक्का सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांच्या तुलनेत 34 टक्के अधिक प्रमाणात बसला होता. महिना बदलल्याने मेंदू बदलतो काय? नाही. बदलते ती तुलना. साडेपाच वर्षांच्या मुलाची चुळबूळ साडेसहा वर्षांच्या मुलाशेजारी बसवून पाहिली की ती विकार भासू लागते. त्या वयात एक वर्ष म्हणजे आयुष्याचा जवळजवळ सहावा हिस्सा असतो, हे मोठी माणसे विसरतात.

डेन्मार्कमधील 2015 च्या अभ्यासात एक वर्ष उशिरा शाळा सुरू करणाऱ्या मुलांत सातव्या वर्षी चित्त विचलित होणे आणि अतिचंचलता कमी आढळली आणि अकराव्या वर्षापर्यंत तो परिणाम टिकून होता. फिनलंडमध्ये औपचारिक शाळा सातव्या वर्षी सुरू होते, हे आता सर्वज्ञात आहे. मात्र नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नॉर्वेतील 2011 च्या अभ्यासानुसार अठराव्या वर्षीच्या बुद्धिमापनावर प्रवेशवयाचा परिणाम अगदी अल्प उरतो आणि लवकर सुरुवात केल्याने मिळकतीत दिसणारी आघाडी तिशीपर्यंत ओसरते. तात्पर्य काय? लवकर घातले म्हणून मूल कायमचे पुढे जात नाही, उशिरा घातले म्हणून कायमचे मागे पडत नाही. प्रश्न आयुष्याच्या शर्यतीचा नाही, प्रश्न पहिल्या चार-पाच वर्षांतील त्याच्या सुखाचा आणि आत्मविश्वासाचा आहे. ‘मला येत नाही’ हे वाक्य मूल सहाव्या वर्षी शिकले तर ते पुसायला फार वेळ लागतो.

केंद्रीय विद्यालयांच्या नव्या वयोमर्यादेविरुद्ध काही पालक न्यायालयात गेले होते. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे मान्य केले नाही. मूल दोन वर्षांचे होताच त्याला शाळेत घालण्याची पालकांची घाई मुलाच्या मानसिक स्वास्थ्यास हितकारक नाही, अशा आशयाचे मत न्यायालयाने तेव्हा व्यक्त केले. देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला ही गोष्ट पालकांना सांगावी लागावी, यातच सारे आले.

तयारी म्हणजे काय?

मग निर्णय कसा घ्यावा? येथे महाराष्ट्राला दूर जाण्याची गरज नाही. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांच्या सहकार्याने 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. 1945 साली त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि 1957 मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी वस्तीतील मुले शाळेत येत नाहीत, असे दिसताच या दोघींनी मुलांना दोष दिला नाही; त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. त्यातूनच ‘अंगणवाडी’चा विचार उभा राहिला. मुलाने शाळेसाठी तयार व्हावे हे खरे, पण शाळेनेही मुलासाठी तयार असावे, हा त्या कार्याचा गाभा आहे.

मूल तयार आहे की नाही, हे अक्षरे आणि आकडे विचारून कळत नाही. शंभरपर्यंत अंक म्हणणारे मूल आईच्या नजरेआड होताच रडून बेजार होत असेल, तर ते अजून तयार नाही. काही साधी निरीक्षणे घरीच करता येतात. आईपासून दोन-तीन तास दूर राहिल्यावर ते थोड्या वेळात सावरते काय? शी-शू लागल्याचे, भूक लागल्याचे, कोणी मारल्याचे ते अनोळखी व्यक्तीला सांगू शकते काय? डबा स्वतः उघडते काय? गोष्ट ऐकताना आठ-दहा मिनिटे स्थिर बसते काय? दुसऱ्या मुलाच्या हातातील खेळण्यासाठी थांबू शकते काय? एका वेळी सांगितलेली दोन कामे लक्षात ठेवते काय? यांतील बहुतेक उत्तरे ‘होय’ असतील तर डिसेंबरचे मूलही खुशाल शाळेत जाऊ शकते. बहुतेक उत्तरे ‘नाही’ असतील तर सप्टेंबरच्या मुलालाही थांबविण्यात कमीपणा नाही.

बोलणे फार मागे असेल, हाकेला प्रतिसाद नसेल, नजरेला नजर मिळत नसेल, तर मात्र ‘वर्षभर थांबू, होईल आपोआप’ असे म्हणत बसू नये. श्रवण, दृष्टी आणि वाढीची तपासणी तत्काळ करून घ्यावी. अशा मुलाला थांबण्याची नव्हे, लवकर साहाय्याची गरज असते.

निर्णय कधी घ्यावा, हेही महत्त्वाचे आहे. तो शिशुवर्गाच्या आधी घेणे उत्तम. एकदा मूल वर्गमित्रांबरोबर पुढे गेले की मागे थांबविताना त्याला ती शिक्षा वाटते. समजा शिशुवर्गात घातलेच आणि वर्षभरात ते दमते आहे असे दिसले, तर मोठ्या शिशुवर्गातून पहिलीत जाण्यापूर्वीचे वळण हे शेवटचे सोयीचे वळण असते. तिथे बालवाडीच्या ताईंचे मत अवश्य घ्यावे. रोज चार तास मुलाला पाहणाऱ्या त्या ताईंना जे दिसते, ते अनेकदा घरच्यांना दिसत नाही.

आणि थांबण्याचे ठरले, तर ते वर्ष टीव्ही आणि मोबाइलच्या स्वाधीन करण्यासाठी नसते. ते आजीच्या गोष्टींचे, आजोबांबरोबर बाजारात जाऊन भाजी मोजण्याचे, मातीत खेळण्याचे, समवयस्क मुलांत मिसळण्याचे वर्ष असावे. ज्या घरी आई-वडील दोघेही सकाळी आठच्या लोकलने बाहेर पडतात आणि घरात वडीलधारे कोणी नसते, तिथे चांगली बालवाडी हीच मुलासाठी अधिक हिताची ठरू शकते. उपनगरातील दोन खोल्यांच्या घरात एकट्या मुलाला सांभाळणाऱ्या मावशींच्या भरवशावर वर्षभर ठेवणे म्हणजे थांबणे नव्हे. म्हणून कोणाचा निर्णय पाहून आपला निर्णय घेऊ नये. ज्याचे घर वेगळे, त्याचे उत्तरही वेगळे.

शेवटचा कोणीतरी असणारच

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे बोलली पाहिजे. काही सुखवस्तू पालक मूल तयार असूनही केवळ वर्गात पहिले यावे म्हणून त्याला वर्षभर मागे ठेवू पाहतात. सर्वांनी तसे केले तर काय होईल? वर्गातील सर्वांत लहान मूल तरीही कोणीतरी असेलच. फक्त ते अशा घरचे असेल, ज्या घराला वर्षभराची पाळणाघराची फी परवडत नाही. घरकाम करणाऱ्या ताईंचे मूल नियमाच्या पहिल्या संधीला शाळेत जाणार, कारण त्यांना दुसरा पर्याय नाही. त्या मुलाशेजारी दीड वर्षाने मोठे मूल बसवून मग त्याला ‘कच्चा’ म्हणायचे, हा न्याय नव्हे.

म्हणून या प्रश्नाचा अर्धा भार शाळांनी उचलला पाहिजे. पहिलीच्या शिक्षिकेच्या हजेरीपटावर प्रत्येक नावापुढे जन्ममहिना ठळकपणे लिहिलेला असावा. डिसेंबरच्या मुलाची वही जानेवारीच्या मुलाच्या वहीशेजारी ठेवून पालकसभेत तुलना करू नये. केंद्र शासनाने 2021 मध्ये पहिलीच्या आरंभी तीन महिने खेळातून शिकविण्याचा ‘विद्या प्रवेश’ उपक्रम आणला तो याच हेतूने. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत, असा निर्णय राज्य शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये घेतला, त्यामागेही लहान मुलांच्या झोपेचाच विचार होता. हे कागदावर राहू नये, यासाठी शाळांच्या पालक संघांत सुजाण पालकांनी लक्ष घातले पाहिजे. जिथे आपले मूल मोठे आहे, तिथे शेजारच्या बाकावरील लहान मुलाची चिंता वाहणे हेही समाजकार्यच आहे.

पूर्वी दसऱ्याला घरोघरी पाटीवर सरस्वती काढून तिची पूजा होई. कुटुंबातील वडीलधारे माणूस लहानग्याला मांडीवर घेई, त्याचा हात आपल्या हातात धरी आणि पहिली रेघ उमटे. त्या वेळी कोणी घड्याळ पाहत नसे, कोणी शेजारच्या पाटीकडे पाहत नसे. त्या लहान बोटांत पेन्सिल धरण्याइतके बळ आले आहे काय, एवढेच पाहिले जाई. यंदा अर्ज भरताना उपनगरांतील प्रत्येक आईवडिलांनी एकदा तरी मुलाचा हात असाच आपल्या हातात घेऊन पाहावा. तारीख शासन सांगेल, जागा शाळा सांगेल. पण ‘आता हे तयार आहे’ हे सांगण्याचे काम घराचे आहे आणि ते घरानेच करावे.